संग्रामपूरकडचं जांभळं तळं

एखाद्याच्या स्वयंपाकघराचा वीस-बावीस वर्षं अभ्यास करावा आणि त्याच्या दारात एकदाही पाऊल टाकू नये, तसं माझं झालं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी जांभळ्या जिवाणूंवर काम करते. हे जिवाणू झाडांसारखे उजेडावर जगतात, आणि ते उजेड कसा पकडतात एवढाच माझा विषय आहे. ‘एवढाच?’ असं कुणी विचारलं की मी पूर्वी चिडायचे, आता विषय बदलते. माझे जिवाणू मेणबंद नळीतून येतात, अंगावर नावाची चिठ्ठी लावून. मग काचेच्या बाटलीत, दिव्यापुढे, ठरल्या वेळी ठरलेलं खाऊन ते वाढतात. पुण्यात शिकायला आलेल्या मुलांसारखेच म्हणा ना. त्यांचं खरं घर, म्हणजे चिखल, सडका पाला, साचलेलं पाणी, हे मी फक्त पुस्तकांतल्या छायाचित्रांत पाहिलं होतं.

अशात फेब्रुवारीच्या शेवटी सुनंदाचा निरोप आला. सुनंदा माझी एमएस्सीची खोलीसोबतीण, आता खामगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिनं एका शेततळ्याचा फोटो पाठवला होता. पाणी जांभळाच्या सरबतासारखं, काठाला हिरवा तवंग. खाली एक ओळ: ‘तुझे पाहुणे माझ्या माहेरी उतरलेत. येऊन नेतेस, की हाकलू?’

मी फोन करून एकच प्रश्न विचारला. सडक्या अंड्यांसारखा वास येतो का? ती म्हणाली, येतो म्हणजे, वहिनी नाकाला पदर लावून भाकऱ्या थापते. तिसऱ्या दिवशी मी गाडीत होते.

सुनंदानं एक गोष्ट मात्र मला सांगितली नव्हती. ती मला तिथं गेल्यावर कळली, आणि तोवर मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून आले होते.

खामगाव

सगळ्यांनी शेगावला उतर म्हणून सांगितलं होतं. मी नकाशा पाहिला, जलंबहून खामगावला छोटी शाखागाडी जाते असं शोधून काढलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जलंबला उतरले. छोटी गाडी निघून गेली होती. पुढची कधी, असं विचारल्यावर बाकावर बसलेल्या गृहस्थांनी फार मायेनं सांगितलं, “येईन न जी. बसा.” तासाभरानं सुनंदा तिची मोटार घेऊन आली. ती हसली नाही, फक्त पूर्ण रस्ताभर गाणं गुणगुणत राहिली. ते जास्त लागलं.

तीस वर्षांपूर्वी हॉस्टेलात आम्ही सगळ्या तिच्या बोलण्याला हसायचो. ‘मले’, ‘तुले’ ऐकलं की आमच्या पुणेरी नाकांना सुरकुत्या पडायच्या. त्या सगळ्याची वसुली तिनं त्या रात्री जेवताना केली. वांग्याची भाजी पानात पडली आणि तिनं विचारलं, सांबार टाकू का. मी म्हटलं, भाजीवर कशाला, वाटीत दे. तिनं अतिशय गंभीर चेहऱ्यानं वाटीत चिरलेली कोथिंबीर आणून ठेवली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मी विसरले होते. मी ती वाटी मुकाट्यानं संपवली. पुण्याची अब्रू राखायला दुसरा उपाय नव्हता.

खाऱ्या पाण्याचा चहा

सकाळी आम्ही उत्तरेला निघालो. तूर निघालेली, कपाशीच्या पऱ्हाट्या बांधांवर रचलेल्या, आणि समोर सातपुड्याची रेघ. ही रेघ तासभर जवळ येत नाही आणि मग एकदम डोंगर होते. सुनंदाचं माहेर संग्रामपूरच्या अलीकडे आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे ज्या दोन माणसांची गोष्ट येते ती दोघंही वाचणारी आहेत.

सुनंदाचे थोरले भाऊ श्रीधरदादा ओसरीवर वाट पाहत होते. साठीचे, धिप्पाड, बोलणं कमी. वहिनींनी चहा आणला. मी पहिला घोट घेतला आणि साखरेऐवजी मीठ पडलंय हे कसं सांगावं याचा विचार करू लागले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की नळ आज आला नाही, बोअरचं पाणी आहे. हा सगळा खारपाण पट्टा. जमिनीखालचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही आणि पाहुणे दुसरा कप मागत नाहीत. मी दुसरा मागितला. कोथिंबिरीनंतर काहीच अवघड नव्हतं.

दादांनी तीन वर्षांपूर्वी शेततळं खोदून प्लास्टिक अंथरलं, पावसाचं पाणी साठवलं आणि कमी पडलं तशी बोअरच्या पाण्याची भर घातली. त्यात रोहू-कटला सोडले. मार्गशीर्षात एका सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगताना दिसले. महिन्याभरात पाणी गुलाबी झालं, मग जांभळं. हे सगळं त्यांनी जमाखर्च वाचावा तसं सांगितलं. माझ्या मनात मात्र लाडू फुटत होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

तळ्यात

तळं वावराच्या टोकाला होतं. छातीइतका उंच बांध, चढून गेलं की खाली जांभळं पाणी. त्याच्याकडे पाहत मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. वास भयंकर होता आणि मी देवळात आल्यासारखी उभी होते.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उजेडाची पंगत असते. पाण्याच्या वरच्या थरात हिरवं शेवाळ पहिल्या पंगतीला बसतं आणि तांबडा, निळा असा चांगला चांगला उजेड जेवून घेतं. खाली उरतं ते दोन प्रकारचं: थोडा हिरवट उजेड, आणि तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा. जांभळे जिवाणू या दुसऱ्या पंगतीचे. दिसणाऱ्यातला हिरवट उजेड ते खातात, म्हणून आपल्याला जांभळे दिसतात. पण त्यांचं खरं जेवण तो न दिसणारा उजेड.

तो पकडायला त्यांच्याकडे बांगड्या असतात. बांगडी प्रथिनाची, आणि तिच्यात रंगद्रव्याचे रेणू काचा बसवाव्यात तसे बसवलेले. एका बांगडीत दोन ओळी. एका ओळीत नऊ रेणू, जरा ऐसपैस बसलेले. दुसऱ्या ओळीत अठरा, खांद्याला खांदा लावून. गंमत अशी की रेणू सगळे एकाच जातीचे. बांगडीतून काढून एकेकटे द्रावणात सोडले तर ते साधारण सातशे सत्तर नॅनोमीटरचा उजेड घेतात. ऐसपैस ओळीत बसवले की आठशेचा, आणि दाटीच्या ओळीत साडेआठशेचा. शेजारी बदलला की भूक बदलते. ऐसपैस ओळीनं पकडलेली ऊर्जा दाटीच्या ओळीकडे जाते, तिथून शेजारच्या मोठ्या बांगडीकडे, आणि शेवटी मधोमध बसलेल्या केंद्राकडे. पाटाचं पाणी उतारानं वाफ्यात जावं तशी. आपल्या पापणीची हालचाल सुरू व्हायच्या आत ते पाणी कोट्यवधी वेळा वाफ्यात पोचून जातं. यातल्या एका उताराच्या एका वळणावर मी बावीस वर्षं बसून आहे.

माझ्या पिशवीत हातात मावणारं एक यंत्र होतं. पाण्यातून कोणता उजेड पार होतो आणि कोणता अडतो, ते मोजणारं. दादांनी बजावलं की प्लास्टिकवर पाय ठेवू नका, लय निसरडं असते. मी म्हटलं, हो हो. आणि बाटली बुडवायला एक पाय प्लास्टिकवर ठेवला.

पडले असं म्हणता येणार नाही. मी उभ्या उभ्या, यंत्र छातीशी धरून, अतिशय संथपणे पाण्यात गेले. कमरेपर्यंत गेल्यावर थांबले. वर यायला पाय टाकला की तेवढीच खाली यायचे. यंत्र हातातून सुटलं आणि बुडबुडे काढत गेलं. सुनंदानं “हलू नको” म्हटलं, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदा हसू नव्हतं.

दोर दादांकडे नव्हता. तो आला पलीकडच्या वावरातून. एक उंच, सडपातळ माणूस खांद्यावर दोर घेऊन पळत आला, दोन वावरांमधल्या बांधाशी क्षणभर थबकला आणि मग तो ओलांडून तळ्यावर चढला. त्यानं दोराचं एक टोक माझ्याकडे फेकलं आणि दुसरं, दादांच्या तोंडाकडे न पाहता, दादांच्या पायाशी टाकलं. दादांनीही न पाहता ते उचललं. मग दोघांनी मला ओढायला घेतलं, पण एकमेकांशी बोलायचं नसल्यानं दोघं वेगवेगळ्या वेळी ओढत होते. मी डावीकडे जायचे, मग उजवीकडे.

तो माणूस मला म्हणाला, “म्याडम, त्यायले सांगा, मी म्हनीन तवा ओढा म्हना.”

दादा मला म्हणाले, “त्याले सांगा, मले समजते.”

मी दोघांचे निरोप पाण्यात उभ्या उभ्या पोचवले. शेवटी सुनंदाच ओरडली, एक दोन तीन म्हणाली, आणि मी जांभळी होऊन बांधावर आले. तो माणूस दोर गुंडाळून आल्या वाटेनं गेला. त्याला पाणी विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

तीन महिन्यांचा अबोला

तीन वेळा आंघोळ करूनही वास गेला नाही. वहिनींनी मला परसात वाऱ्याच्या तोंडाला बसवलं आणि तिथंच रोडगे वाढले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याचा झणझणीत रस्सा. त्या वासातही मी चार खाल्ले. सुनंदा समोर बसली, आणि तेव्हा कुठे तिनं खरं काय ते सांगितलं.

दोर आणणारे ते नामदेवभाऊ. दादांचे शेजारी, आणि पहिलीपासूनचे मित्र. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पण मासे मेले त्याच्या आठ-दहा दिवस आधी नामदेवभाऊंनी हरभरा पेरला होता. पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळतात, ते गुलाबी असतं. मासे मेले, पाणी गुलाबी झालं, आणि दादांनी दोन आणि दोन जोडले. नामदेवनं औषधाची टोपली-बादली तळ्यात धुतली, असं ते पोलीस पाटलांकडे बोलले. लेखी तक्रार नव्हती, पण गावात बोललेलं लेखीपेक्षा पक्कं. नामदेवभाऊंनी ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. त्यांनी फक्त या वाटेनं येणं बंद केलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि या घरी पत्रिका आली नव्हती.

“म्हणजे तू मला जिवाणूंसाठी बोलावलं नाहीस,” मी म्हणाले.

“तुझ्यासाठी जिवाणू, माझ्यासाठी दादा,” ती म्हणाली. “मी सांगून पाहिलं न त्याले. म्हणे, तू बेडकं कापतेस, तुले काय समजते. पण तू पुण्याची, तुझं ऐकीन तो.”

मी तिला म्हटलं की माझं यंत्र तळ्याच्या तळाशी आहे. तिनं सांगितलं की तिला ते दिसलं.

तेवढ्यात दादा मोबाइल घेऊन आले. मी पडले ते कॅमेऱ्यात आलंय, असं त्यांनी सांगितलं. तळ्याकाठी खांबावर त्यांनी छोटा सौर कॅमेरा बसवला होता. सकाळी मी कारण विचारलं तेव्हा ते चोऱ्यांबद्दल काहीतरी बोलले होते. आता कळलं की तो नामदेवभाऊंसाठी होता. मी माझं पडणं पाहिलं. सुनंदानं ते तीनदा पाहिलं. मग दादांनी कॅमेरा किती चांगला आहे हे दाखवायला आदल्या रात्रीचं चित्र लावलं. अंधार पडला की तो आपोआप न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे लावतो, असं ते म्हणाले.

चित्रात बांधावरचा कडुनिंब चुन्यासारखा पांढरा दिसत होता आणि तळं काळंभोर. मी चौथा रोडगा हातातच धरून राहिले. तळं काळं दिसण्यात विशेष नव्हतं, खोल साधं पाणीही वरून तसंच दिसतं. पण कॅमेरा खांबावरून काढून आणवला आणि त्याच्या पाठीवरची अक्षरं वहिनींच्या चष्म्यातून वाचली तेव्हा त्यावर दिव्याचा आकडा लिहिलेला होता. साडेआठशे नॅनोमीटर. दाटीच्या ओळीची भूक, बरोबर तीच. माझं बुडालेलं यंत्र जे मोजणार होतं, त्यासाठी लागणारा उजेड हा खांबावरचा पहारेकरी रोज संध्याकाळपासून पाडत बसला होता.

कोठीत

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही कापसाच्या रिकाम्या कोठीत जमलो. खिडकीला पोतं लावलं की आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. मागं पांढरं धोतर टांगलं, पुढे पाटावर तीन काचेच्या बरण्या. एकीत तळ्याचं पाणी. दुसरीत बियाण्याचं औषध कालवलेलं पाणी, रंग शक्य तितका जुळवून. तिसरीत वहिनींनी केलेलं बिटाचं पाणी, कारण त्यांचं म्हणणं की परीक्षाच घ्यायची तर नीट घ्या.

नामदेवभाऊंना आणायला सुनंदा स्वतः गेली होती. ते औषधाची उरलेली पुडी घेऊन आले. ती माझ्या हातात देऊन ते लगेच मागं सरकले. मी ते रुसव्यावर घातलं. बसा म्हटलं तरी ते दाराशी उभे राहिले.

मी आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागाहून वाद नको. बियाण्याचा रंग माणसाच्या डोळ्यांना दाखवण्यासाठी घातलेला असतो. न दिसणारा उजेड त्याच्यातून आरपार जातो. जिवाणू तो उजेड खातात. तेव्हा कॅमेऱ्यात रंगाची बरणी साध्या पाण्यासारखी दिसेल आणि मागचं धोतर दिसेल. जिवाणूंची बरणी काळी दिसेल.

नामदेवभाऊंनी विचारलं, “अन् दोन्ही सारक्याच दिसल्या तं?”

मी म्हटलं, दोन्हींतून धोतर दिसलं तर तळ्यात रंगच आहे असं मला म्हणावं लागेल. त्यांनी मान हलवली.

दार लावलं. कॅमेरा किंचित टिकटिकला आणि त्याचे दिवे लागले. डोळ्यांना दोन बारीक तांबूस ठिपके, बाकी काळोख. आम्ही पाचही जण दादांच्या मोबाइलवर वाकलो. पाटावरच्या तिन्हींतल्या दोन बरण्या जवळपास नाहीशाच झाल्या होत्या. काचेच्या कडा तेवढ्या, आणि आतून मागचं धोतर स्वच्छ दिसत होतं. तिसरी बरणी शाईची बाटली असावी तशी काळी.

“कोन्ती बरनी कोन्ती हाय?” दादांनी विचारलं. वहिनींनी अंधारात जाऊन बोट लावून लावून दाखवलं. काळी होती ती तळ्याची.

दादांना पटायला वेळ लागला. त्यांनी बरण्यांच्या जागा बदलायला लावल्या. मग बिटाच्या बरणीत औषध ओतायला लावलं. मग दार उघडून उजेडात तिन्ही पुन्हा पाहिल्या; तिन्ही गुलाबी-जांभळ्या, सख्ख्या बहिणींसारख्या. पुन्हा दार लावलं, पुन्हा एकच बरणी काळी. बावीस वर्षांत माझ्या कुठल्याच प्रयोगाची इतकी कडक तपासणी झाली नव्हती.

मग मला ज्याची भीती होती तोच प्रश्न त्यांनी विचारला. “मंग मासे काऊन मेले?”

मी सांगितलं की हे जिवाणू मासे मारत नाहीत, ते मागाहून येतात. आधी तळाशी काहीतरी पुष्कळ सडावं लागतं. सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. खाऱ्या पाण्यातल्या क्षारांपासून तळाचे दुसरे जिवाणू तो अंड्यांचा वास करणारा वायू बनवतात. तो वायू आणि न दिसणारा उजेड, एवढं मिळालं की माझे पाहुणे येतात. तेव्हा कार्तिकाच्या आसपास तळ्यात काही पडलं होतं का?

वहिनी धोतराची घडी घालू लागल्या. मग दादा म्हणाले, “ढेप.”

सरकीच्या ढेपीची, म्हणजे पेंडीची, चार पोती परतीच्या पावसात भिजली होती. ढोरं तोंड लावेनात. वाया कशाला घालवावी, मासे खातील, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हातानं तळ्यात रिकामी केली होती. एवढं सांगून ते उठले आणि नामदेवभाऊंच्या शेजारून, त्यांच्याकडे न पाहता, बाहेर गेले.

मला वाटलं, संपलं सगळं. मी नामदेवभाऊंची निर्दोष सुटका केली आणि दादांना त्यांच्याच बायको-बहिणीसमोर उघडं पाडलं. सुनंदाला तसं म्हटलं. ती म्हणाली, थांब. पुण्याला सगळ्याची फार घाई असते.

उपसा

संध्याकाळी मी उरलेल्या दोन बाटल्या भरायला बांधावर गेले, या वेळी सुनंदानं ओढणी धरली होती. दादा आधीच तिथं उभे होते. पलीकडच्या वावरात नामदेवभाऊ वाकून काहीतरी करत होते, किंवा करत असल्यासारखं दाखवत होते. दादांनी घसा साफ केला आणि इतक्या मोठ्यानं बोलले की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

“नाम्या, तुहं इंजिन आन. तळं उपसाचं हाय.”

नामदेवभाऊ सरळ झाले. जरा वेळानं त्यांचा आवाज आला. “पाइप तुहा लावजो. माहा फुटेल हाय.”

तीन महिन्यांच्या अबोल्याचा एवढाच शेवट. मी थोडं अधिक काही होईल म्हणून थांबले होते. ते दोघं इंजिनाला हँडल कोणी मारायचं यावर भांडू लागले. आणि मग माझ्या लक्षात आलं की उपसायचं म्हणजे माझं तळं जाणार. मी दादांना विनवलं की एक कोपरा तरी ठेवा, हवा तर गुऱ्हाळाच्या कढईएवढा. असं रानातलं जांभळं पाणी मला पुन्हा कुठे मिळणार. दादांनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं आणि इंजिन सुरू केलं.

जांभळं पाणी पाइपातून पडीक तुकड्यावर पसरत गेलं. तासाभरात ते मातीच्या रंगाचं झालं. तळाशी माझं यंत्र सापडलं, ढेपीच्या लगद्यात रुतलेलं. नामदेवभाऊंनी ते धुऊन, फडक्यानं पुसून, माझ्या हातात दिलं, आणि हे आता चालत नसेल तर आत काय असतं तेवढं खोलून दाखवाल का, असं विचारलं. दादा, नामदेवभाऊ आणि मी, तिघांनी बांधावर बसून ते खोललं.

शेगावचं स्टेशन

परतताना मी मुकाट्यानं शेगावला गेले. दादा आणि नामदेवभाऊ एकाच गाडीतून मला सोडायला आले आणि वाटभर रस्ता कोणता जवळचा यावर एकमत झालं नाही. मांडीवर दोन बाटल्या, पिशवीत वहिनींनी दिलेला ठेचा. नामदेवभाऊंनी मला लग्नाची पत्रिका दिली. दादांना त्यांनी दिली नाही. घरच्या माणसाला पत्रिका कोणी देतं का, असं दादांनीच मला समजावलं.

दादा चहा आणायला गेले तेव्हा नामदेवभाऊ माझ्या जवळ येऊन बसले. म्हणाले, “ताई, एक इचारू? मी पेरनीच्या दिवशी बादली धुतली होती. तळ्यात नाही. बांधाच्या खालच्या नालीत. थे पानी तळ्यात गेलं असन काय?”

रुसले म्हणून ते गप्प होते, असं सगळं गाव धरून चाललं होतं. मीही.

मी म्हटलं, “अहो, नाली बांधाच्या पायथ्याशी आहे. तळ्याचा काठ तिच्याहून छातीभर वर. पाणी चढून कसं जाईल?”

“हे मले बी समजते जी,” ते म्हणाले. “पन रोज रातच्याले चढे थे.”

दादा तीन कप सांभाळत आले. आम्ही चहा प्यायलो. गाडी आली.

हे लिहिण्याआधी मी नामदेवभाऊंना फोन करून विचारलं की ती नालीची गोष्ट लिहू का, दादा वाचतील. ते म्हणाले, बेशक लिहा, श्रीधरले म्या सांगतलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, मांडव सोडताना. दादा काय म्हणाले, असं मी विचारलं.

“दोर सोडत राह्यला. मंग म्हने, मासे मेले थ्याच दिवशी मले ढेपीचा वास आला होता.”